तिच्या वाटणीचं पाणी

९ फेब्रुवारी

ही वही मीटर-रीडिंगची आहे. निवृत्तीच्या दिवशी कपाटात तीन कोऱ्या उरल्या होत्या, त्यातली एक उचलून आणली. पाणीखात्यात एकतीस वर्षं लोकांच्या घरचे आकडे लिहिले, तेवढ्या काळात खात्याची ही एकच वस्तू माझ्या घरी आली. प्रत्येक पानावर रकाने आहेत: तारीख, मागचा आकडा, आजचा आकडा, शेरा. मी सगळ्या पानावर शेराच लिहिणार आहे.

आज नोंदणी कार्यालयात गेलो होतो. घराचा भाव ठरला, घासाघीस झाली, एजंटाने आपले हात ओले करून घेतले, आणि मला वाटलं सुटलो. तर खिडकीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, हस्तांतरण कराची सोय केलीत का? मी म्हटलं, कसला कर? घर जागचं हलत नाही, एक वीट हलत नाही, कागदावरचं नाव तेवढं बदलतं. त्या म्हणाल्या, त्याचाच कर.

पुढे ऐका. आम्ही घरासाठी जी रक्कम देणार तिच्यावर तो धरत नाहीत. कार्यालयाने प्रत्येक रस्त्याचा स्वतःचा दर ठरवून ठेवलाय. आपली किंमत आणि त्यांची किंमत, यात जी जास्त ती खरी. मी सांगितलं की मागच्या भिंतीला ओल आहे म्हणून मालकाने कमी केलं, तुम्ही येऊन बघा. त्या म्हणाल्या, "ओल कार्यालयाला दिसत नाही, काका."

आकडा ऐकून मला घाम फुटला. सौ. मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेली बाई, कापड कमी पडलं तर आधी कुठे वाचेल ते बघते. तिने विचारलं, कमी कशाने होतो? बाई एकदम मऊ झाल्या. पहिलंच घर असेल आणि ते बाईमाणसाच्या नावावर घेतलं, तर निम्मा कर माफ. फक्त तीन महिन्यांत राहायला जायचं आणि पुढे सलग एक वर्ष मालकिणीने तिथेच राहायचं. वर्ष संपलं की पाण्याची आणि विजेची बिलं जोडायची. राहिल्याचं दिसलं नाही तर माफ केलेला सगळा कर दंडासकट भरायचा. तेवढा भरायची वेळ आली तर आम्हाला ते घर विकूनच भरावा लागेल, हे मी तिथेच उभ्या उभ्या ओळखलं.

सौ. म्हणाली, माझ्या नावावर कशाला, तुमची जन्माची कमाई. मी म्हटलं, तुझ्या नावावरच. मला त्याचा आनंदच झाला आहे, हे तिला सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

सवलतीचं माहितीपत्रक दोनदा वाचलं. पुढे अटी, मागे नऊ कलमं. नोकरीतली सवय, जे लागू नाही ते पट्टीने रेघ मारून खोडायचं, म्हणजे नजर नको तिथे अडकत नाही. परदेशी गेल्यास, खोडलं. घर पाडून बांधल्यास, खोडलं. सातवं कलम आजारपणाचं: मालक आजारामुळे घरात राहू शकत नसेल तर त्याने स्वतःच्या सहीने अर्ज करावा, सोबत डॉक्टरांचा दाखला, त्यात आजाराचं नाव आणि बरं होण्याची कितपत आशा आहे ते लिहिलेलं असावं, मग अट शिथिल. आठवं मृत्यूचं. दोन्ही खोडली. उरली पाच. कागद कसा स्वच्छ दिसायला लागला.

सौ. हल्ली बारीक झालीय. मशीनवर बसणं कमी कर म्हटलं.

२१ मार्च

नोंदणी झाली. अकरा ठिकाणी सह्या. टाके घालावेत तशी सावकाश सही करते ती, मागच्या रांगेतले लोक चुळबुळायला लागले. बाहेर आल्यावर मी तिला मालकीणबाई म्हटलं. तिने विचारलं, मग भाडं कधीपासून देताय? बऱ्याच दिवसांनी इतकी हसली.

१९ एप्रिल

राहायला आलो. अट पाळली गेली, मुदतीच्या दोन महिने आधीच. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मीटर जिन्याखाली, नव्या बनावटीचं, काच स्वच्छ. मी आधी तेच बघितलं. तिने आधी हातोडी मागितली आणि भिंतीत चार खिळे ठोकले. टांगायला काही नव्हतं. जुन्या घरमालकाने एकतीस वर्षं एक खिळा ठोकू दिला नाही, त्याचा तिने वचपा काढला.

जिना चढताना प्रत्येक वळणावर बसते. सामान हलवण्याची दगदग आहे.

८ जून

तपासण्या झाल्या. पोटात गाठ आहे आणि ती एका जागी राहिलेली नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. डॉक्टरही माणसंच आहेत, चुकतात. मी स्वतः चांगली चांगली मीटरं चुकताना पाहिली आहेत.

१६ जून

सौ.ला तिच्या थोरल्या बहिणीकडे हलवलं. ताईंचं घर तळमजल्यावर, दवाखाना दोन गल्ल्या सोडून. ताई एकट्याच असतात, त्यांनी स्वतःची खोली रिकामी करून दिली. नव्या घराचा जिना हिला आता चढवत नाही. थोडी ताकद आली की परत जायचं, असं ठरलं आहे. मी ठरवलं आहे.

आज संध्याकाळी बसल्या बसल्या लक्षात आलं. घर बंद. मीटर थांबलेलं. महिन्याअखेर रीडर येणार, जिन्याखाली वाकणार, मागचा आकडा आणि आजचा आकडा तोच बघून शेऱ्यात दोन शब्द लिहिणार: घर बंद. हजारो घरांवर मी स्वतः ते लिहिलं आहे. सगळं केलं आणि शेवटी पाण्याने घात केला, असं व्हायला नको.

१ जुलै

आज सकाळी नऊला निघालो, दोन बस बदलून साडेदहाला घरी पोचलो, विजेच्या बिलासाठी दिवा-पंखा लावून ठेवला आणि नळ सोडला.

मीटरला चुंबक लावणाऱ्यांना मी पकडून दिलंय. पण ते कमी दाखवायचे, मी जास्त दाखवतोय, आणि पाण्याचं बिल मी भरणारच आहे. कुणाचं नुकसान? मनाला हे पटतं, मग पटत नाही, मग पुन्हा पटतं.

काम नीट करायचं तर हिशेबाने करायला हवं. नळ नुसता उघडा टाकला तर रोज सारखाच आकडा पडेल आणि रीडरला शंका येईल. मला आली असती. दोन माणसांचं पाणी कसं खर्च होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आधी माझी आंघोळ, एक बादली. मग तिची, दीड, कारण ती पाठीवर शेवटी दोन तांबे जास्त घेते. कपडे भिजवायचे, पिळायचे, पुन्हा पाण्यातून काढायचे. ती प्रत्येक कपडा दोनदा खळबळते, मीटरवाल्याची बायको असून. भांडी. फरशी. हे सगळं क्रमाने, मध्ये थांबत थांबत, मोरीत सोडलं. एकला संपलं.

परत आलो तेव्हा ती झोपली होती.

११ जुलै

आता हात बसला आहे. रविवारी जास्त सोडतो, चादरी धुतल्याइतकं. तिच्या वाटणीचं पाणी सोडताना घाई करत नाही, तीही करत नसे. तिकडे शांत वाटतं, इकडे त्या खोलीत औषधाचा वास असतो आणि काय बोलावं ते सुचत नाही. मी उशी सरळ करतो, ती म्हणते होती तशीच बरी होती. मग मी खिडकी उघडतो आणि ताई येऊन लावतात.

ताई आज म्हणाल्या, भाऊजी, एक दिवसाआड गेलात तर नाही का चालणार? त्यांना समजावलं की घर हिच्याच नावावर आहे, गेलं तर हिचंच जाईल. त्या भाजी निवडत राहिल्या. त्यांना कागदपत्रांतलं काही कळत नाही.

२६ जुलै

माझ्या पिशवीत चष्मा शोधताना सौ.ला ते माहितीपत्रक सापडलं. मी परत आलो तर उशाशी उलगडून ठेवलेलं. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, "हे सातवं का खोडलंत?"

"आपल्याला लागू नाही."

"मी आजारी नाही?"

मी म्हटलं, आजारी आहेस, पण बरी होणार आहेस. त्यांना दाखल्यात काय काय लिहून हवंय बघ. असलं काही लेखी देऊन ठेवायचं नसतं. एकदा शेरा लिहिला की तो पुढच्या वहीत उतरतो, त्याच्या पुढच्या वहीत उतरतो, कुणी पुन्हा तपासत नाही. माझा आवाज चढला असावा. तिने कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, आज माझी आंघोळ किती बादल्यांची झाली? मी सांगितलं, दीड. ती म्हणाली, बरं.

इथे आल्यापासून तिला रोज ओल्या फडक्याने पुसून घेतात. तेही ताईच करतात.

९ ऑगस्ट

आज घात होता होता राहिला. मोरीत नळ चालू, आणि दारावर थाप. माझा जुना जोडीदार, ज्याच्याबरोबर मी बावीस वर्षं गल्ल्या तुडवल्या, तोच आता या भागाचा रीडर आहे. मागच्या महिन्याअखेरचा राहिलेला आकडा घ्यायला आला होता, पाटीवर सौ.चं नाव वाचून वर चढला. म्हणाला, झकास घर आहे, दोघांच्या मानाने आकडाही बरोबर चाललाय. माझे कान गरम झाले. वहिनी कुठे आहेत, त्याने विचारलं.

मी म्हटलं, आंघोळीला गेली आहे.

तो बसला. मीही बसलो. आतून बादली भरल्याचा आवाज येत होता. तो जुन्या गोष्टी सांगत होता, कुत्र्याच्या, घसरलेल्या जिन्याच्या, आणि मी हो हो करत होतो. पाच मिनिटं, फार तर सात. तेवढा वेळ मला खरोखरच वाटलं की आत ती आहे, आता कडी काढून बाहेर येईल आणि पाहुण्याला नुसतंच बसवून ठेवलंत म्हणून माझ्यावर डाफरेल. तो उठला, त्यांना सांगा मी आलो होतो, म्हणाला आणि गेला.

मी आत जाऊन नळ बंद केला. बादली भरून कधीची वाहत होती. तिथेच बसून रडलो. आजवर कधी रडलो नव्हतो, अगदी डॉक्टरांसमोरही नाही.

सौ.ला सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, जोडीदार भेटला होता, तुझी चौकशी करत होता.

३० ऑगस्ट

काल संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, उद्या नका जाऊ."

मी कारण विचारलं. ती म्हणाली, कारण काही नाही. मी म्हटलं, उद्या महिन्याचं रीडिंग आहे, परवा नाही जाणार. ती म्हणाली, ठीक आहे.

आज गेलो. तासभर लवकर परत आलो, हे लिहून ठेवतो. ती ताईंकडे आली तेव्हापासून तिचा हात धरून बसावं असं सारखं मनात असतं. हात इतका हलका झालाय की धरला की भीती वाटते. मग मला काहीतरी काम आठवतं.

उद्याही गेलोच, असं पुढे लिहावं लागू नये.

२ सप्टेंबर

गेलो.

१२ सप्टेंबर

नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. पाकिटावर सौ.चं नाव, ताईंच्या घरचा पत्ता. मी फोडलं. लिहिलं होतं: मालक असाध्य आजारामुळे घरात राहू शकत नसल्याने, तिने केलेल्या अर्जावरून आणि सोबतच्या दाखल्यावरून, वास्तव्याची अट शिथिल करण्यात येत आहे. कर-सवलत कायम.

दोनदा वाचलं. असाध्य. खाली शिक्का.

सगळं तिने केलं होतं. मी रोज नऊला निघालो की ती आणि ताई. डॉक्टरांकडून दाखला मागून घेतला, अर्ज ताईंनी लिहिला, आणि वीस ऑगस्टला रिक्षा करून दोघी कार्यालयात गेल्या. तिला धड बसवत नाही, आणि ती त्या रांगेत बसली. कपाळावर चष्मा चढवणाऱ्या बाईंनी म्हणे खिडकीबाहेर येऊन तिची सही घेतली. मी त्या वेळी कुठे होतो हे सांगायला नको.

मला राग आला. लिहायला लाज वाटते, पण आधी रागच आला. तिच्या खोलीत जाऊन म्हटलं, हे मला न विचारता केलंस, हे काय लिहून घेतलंस स्वतःबद्दल? आता बोलायला तिला श्वास गोळा करावा लागतो.

"घर माझ्या नावावर आहे. सही माझी लागते. केली." मग थांबून म्हणाली, "आता तुम्हाला कुठे जायचं नाही. बसा इथे."

मी बसलो. हात धरला. ताईंनी दिवा लावला, जेवायला हाक मारली, तरी उठलो नाही. आज पहिल्यांदा आम्ही तिच्या जाण्याबद्दल बोललो. ती म्हणाली, मशीन विकू नका, ताईला द्या. म्हणाली, तुम्हाला एकट्याला घर अंगावर येईल, सुरुवातीला ताईकडे जेवत जा. मी सगळ्याला हो म्हटलं. उद्या तिचे केस विंचरून द्यायचे कबूल केलं आहे. ताई जोरात ओढतात, अशी तिची तक्रार आहे.

१८ सप्टेंबर

तेरा तारखेचं लिहायचं राहिलं आहे. आज लिहितो, नंतर जमणार नाही.

सकाळी उठलो, चहा घेतला, तिच्याकडे डोकावलो. डोळे मिटलेले होते. नऊ वाजले आणि मी पायात चपला घातल्या. का घातल्या? मी सहा दिवस हेच विचारतो आहे. पत्र माझ्या खिशात होतं. ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आज कुठे? मी म्हटलं, येतो लगेच.

दोन बस बदलल्या. साडेदहाला वर गेलो, नळ सोडला, माझी बादली भरली, मग तिची लावली. ती अर्धी भरली तेव्हा लक्षात आलं की या पाण्याची आता कुणाला गरज नाही. कार्यालयाला नाही, मीटरला नाही, घराला नाही. खरं तर मला हे आधीच ठाऊक होतं. जुलैतही ठाऊक होतं. सातवं कलम मी स्वतःच्या हाताने खोडलं होतं. दाखला मागायला एक दिवस लागला असता आणि उरलेले सगळे दिवस मी तिच्याजवळ बसू शकलो असतो. तिथे बसवत नव्हतं, म्हणून मी इथे येत होतो. मला तिला मरताना बघायचं नव्हतं.

नळ बंद केला. तरी लगेच निघालो नाही. जिन्यात बसलो, किती वेळ ते सांगता येत नाही. मग निघालो. साडेबाराला ताईंच्या दारात पोचलो तेव्हा शेजारच्या बायका बाहेर उभ्या होत्या.

ती पावणेअकराला गेली. त्याआधी पूर्ण जागी झाली होती, ताईंना म्हणाली मला बसतं कर, कंगवा कुठे आहे. मग म्हणाली, अहो कुठे आहेत? ताईंनी सांगितलं, येतीलच. ती म्हणाली, पत्र आलंय ना, मग आज कुठे गेले?

हे ताईंनी मी विचारल्याशिवाय सांगितलं नाही. मी विचारलं आणि त्यांनी जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

१० ऑक्टोबर

नोंदणी कार्यालय. घर माझ्या नावावर करायचं होतं. त्याच बाई होत्या. मला बघून उभ्या राहिल्या, खुर्ची पुढे सरकवली. म्हणाल्या, बायकोकडून नवऱ्याकडे वारसाने आलेल्या घरावर हस्तांतरण कर लागत नाही, काही भरायचं नाही. एक अर्ज तेवढा आहे.

अर्ज मी भरला. मयताचं नाव. नातं. मृत्यूची तारीख आणि वेळ. खाली एक ओळ: मृत्यूसमयी जवळ हजर असलेल्या नातेवाइकाचं नाव व सही. तिथे पेन थांबलं. बाईंना वाटलं मला ओळ कळली नाही. त्यांनी बोटाने दाखवलं, इथे तुमचंच नाव लिहा आणि सही करा, म्हणजे काम आजच होईल.

मी म्हटलं, "मी नव्हतो."

त्यांनी आवाज खाली आणला. "काका, हे कुणी तपासत नाही. दुसऱ्याचं नाव लिहिलंत तर त्यांना इथे आणावं लागेल, पुन्हा रांग, पुन्हा सगळं. तुमचं लिहा."

त्या भल्या बाई आहेत, माझ्या सोयीसाठीच सांगत होत्या. मी ताईंचं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात मोठी बहीण, आणि सहीची जागा मोकळी सोडून अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. त्यांना सांगितलं, उद्या घेऊन येतो.